कुंपण आधी कागदावर, मग जमिनीवर

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बियाणे, खते, कीड आणि रोग यांवर आपण आज पुष्कळ ऐकले. माझा विषय वेगळा आहे. त्याला पाऊस लागत नाही, खत लागत नाही, तरी तो दरवर्षी जोमाने वाढतो. तो म्हणजे घराच्या आवाराचा, शेतातल्या वस्तीच्या कुंपणाचा आणि बांधाचा तंटा. दोन भाऊ एका ताटात जेवलेले असतात. मध्ये एक भिंत येते आणि पुढची वीस वर्षे ते कोर्टाच्या आवारात भेटतात. पिकाचे नुकसान एका हंगामाचे असते. बांधाच्या भांडणाचे नुकसान मुलाबाळांपर्यंत जाते.

कुंपण घालू नका असे मी सांगणार नाही. रानडुक्कर, रोही आणि मोकाट जनावरे यांनी बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला किती जेरीस आणले आहे हे आपण जाणता. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाची बाग राखायची, विहिरीवरची मोटार राखायची, तर कुंपण लागतेच. परंतु कोणत्या कुंपणाला कोणाची परवानगी लागते, ते कोठे घालावे आणि कोठे घालू नये, हे माहीत नसल्यामुळे चांगल्या माणसांचे पैसे वाया जातात. कुंपणच शेत खाते असे आपण म्हणतो. बिनपरवाना आणि बिनमोजणीचे कुंपण खरोखरच शेत खाते.

गावठाणातील घराचे आवार

पुष्कळांना वाटते की परवानगी घराला लागते, आवाराच्या भिंतीला लागत नाही. हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये 'इमारत' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत झोपडी, छपरी, आवार, भिंत, ओटा, जोते आणि पायरीसुद्धा येते. याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीच्या पूर्वपरवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. म्हणून दगड, वीट किंवा सिमेंटची आवारभिंत घालायची असेल, तर पाया खणण्यापूर्वी ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा.

अर्जासोबत जागेच्या मालकीचा कागद, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा आणि हाताने काढलेला का होईना, पण मापे लिहिलेला नकाशा जोडावा. चारही दिशांना कोण आहे, रस्ता कोठे आहे, भिंतीची लांबी आणि उंची किती, पाणी कोठून जाणार, हे नकाशात दाखवावे. अर्ज ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच घ्यावी. "सरपंचांना तोंडी सांगितले होते" हा पुरावा होत नाही. सरपंच बदलतो, कागद बदलत नाही.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. नमुना ८ ही घरपट्टी आकारण्याची नोंद आहे. तीवर नाव असले म्हणजे जागेची मालकी सिद्ध झाली असे नव्हे. गावठाणातल्या जुन्या घरांची हद्द दाखवणारा कागद बऱ्याच गावांत नव्हताच. ती उणीव भरून काढण्यासाठी २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. तीत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होते. आपल्या गावाची मिळकत पत्रिका तयार झाली असेल तर तिची प्रत काढावी, तीतले क्षेत्र आणि आकृती पाहावी, चूक असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात लेखी हरकत द्यावी आणि मगच भिंतीला हात घालावा.

काट्यांच्या कुपाटीसाठी सहसा कोणी अर्ज मागत नाही. पण ती कुपाटी रस्त्यावर सरकली की कलम ५३ आडवे येते. या कलमात सार्वजनिक रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेवर भिंत, कुंपण, कठडा, खांब, ओटा, पायरी असे काहीही उभारण्यास मनाई आहे. ग्रामपंचायत असा अडथळा काढू शकते आणि त्याचा खर्च उभारणाऱ्याकडून वसूल करू शकते. सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारा माणूस ग्रामपंचायतीचा सदस्य राहण्यास अपात्र ठरतो, हेही निवडणुकीला उभे राहू इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. दोन फुटांच्या ओट्यापायी पद गमावण्याची वेळ येऊ देऊ नये.

शेतातील वस्ती आणि शेताचे कुंपण

आता शेताकडे येऊ. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम ४१ शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतघर बांधण्याची, विहीर खोदण्याची आणि जमीन सुधारण्याची मुभा देते. शहराजवळच्या काही पट्ट्यांत शेतघरासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. त्याबाबत तहसील कार्यालयात चौकशी करावी. स्वतःच्या शेताला स्वतःच्या हद्दीत तारेचे किंवा सजीव कुंपण घालणे ही जमिनीची सुधारणाच आहे.

मात्र "स्वतःच्या हद्दीत" या शब्दांवर सगळे अवलंबून आहे. आपल्या हद्दीच्या खुणा चांगल्या स्थितीत राखण्याची जबाबदारी याच अधिनियमाच्या कलम १४० ने जमीनधारकावर टाकली आहे. हद्दीचा दगड उपटणे, सरकवणे किंवा मोडणे हा कलम १४५ खाली दंडास पात्र असा अपराध आहे. खांबाचा खड्डा खणताना मध्ये आला म्हणून हद्दीचा दगड बाजूला काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्याच मालकीचा साक्षीदार मारला असे समजावे.

शेजारी शेजाऱ्याशी "चार बोटांचे काय एवढे?" असे म्हणतो. आपण हिशेब करू. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. ३३० फूट लांबीच्या बांधावर कुंपण ३.३ फूट सरकले, की बरोबर एक गुंठा गेला. नांगराच्या फाळाने दरवर्षी चार बोटे बांध कोरला, तर हा गुंठा जायला किती वर्षे लागतील हे आपणच मोजावे. दुसऱ्याने कब्जा केलेल्या जमिनीकडे मालकाने सलग बारा वर्षे दुर्लक्ष केले, तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे ती परत मिळवण्याचा दावा मुदतबाह्य होण्याचा धोका असतो. म्हणून संकोच करू नये. गोडीने, पण वेळेवर बोलावे.

आधी मोजणी

कायमचे कुंपण घालण्यापूर्वी हद्द कायम मोजणी करून घ्यावी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करता येतो. आता तो ऑनलाइनही करता येतो. नियमित आणि द्रुतगती असे मोजणीचे दोन प्रकार आहेत. द्रुतगती मोजणीची फी जास्त असते. घाई नसेल तर नियमित मोजणी पुरे.

लगतच्या सर्व शेतकऱ्यांना मोजणीच्या तारखेची नोटीस जाते. ती नोटीस आपल्याला आली तर "माझी कुठे मोजणी आहे?" असे म्हणून घरी बसू नये. शेजाऱ्याची मोजणी ही आपल्याही हद्दीची मोजणी असते. त्या दिवशी हजर राहावे, खुणा पाहाव्यात, पटले नाही तर तेथेच लेखी म्हणणे द्यावे. मोजणीनंतर मिळणारी नकाशाची 'क' प्रत सातबाऱ्याइतकीच जपून ठेवावी. मोजणी चुकली असे वाटत असेल तर वरिष्ठांकडे निमताना मोजणीचा अर्ज करता येतो. हद्दीचा वाद मिटत नसेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १३५ खाली त्याचा निर्णय करून घेता येतो.

मोजणीच्या दिवशी खुणा दाखवल्या जातात. त्या दोन-चार दिवसांत पुसतात. म्हणून त्याच दिवशी दोन्हीकडच्या माणसांच्या देखत त्या जागी दगड रोवून घ्यावेत.

कोठे कुंपण घालू नये

गावाच्या नकाशावर तुटक रेषांनी रस्ते दाखवलेले असतात. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. ही वाट आपल्या गटातून जात असली आणि आज तीवर गवत वाढलेले असले, तरी ती वाटच असते. पाणंद, शिवरस्ता, ओढा आणि नाला यांनाही हेच लागू आहे. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात घ्यावी असे ठरवले. आपल्या शेताला जाणारी वाट तेथे लागली आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

गायरानावर कुंपण घालून जागा धरण्याचा प्रकार अजून चालतो. सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण कलम ५० खाली काढता येते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यासाठी सर्व राज्यांना निर्देश दिले. त्यामुळे तेथे घातलेली तार आणि खांब हा पैसा पाण्यात गेला असे समजावे.

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग गेवराई आणि बीडवरून जातो. अशा महामार्गाच्या, राज्यमार्गाच्या किंवा रेल्वेच्या कडेला ज्यांची जमीन आहे त्यांनी संबंधित खात्याकडून रस्त्याची हद्द आणि बांधकामाची रेषा विचारून घ्यावी. ही अंतरे रस्त्याच्या दर्जाप्रमाणे बदलतात. चहाच्या टपरीवर ऐकलेल्या मापावर भिंत उभी करू नये.

नगरपरिषदेच्या हद्दीत

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई किंवा केज, आष्टी, पाटोदा अशा ठिकाणी ज्यांचे घर आहे त्यांना ग्रामपंचायतीचा नव्हे, तर नगरपरिषदेचा किंवा नगरपंचायतीचा नियम लागतो. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ खाली अर्ज करावा लागतो. २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे आवारभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून १.५ मीटर, म्हणजे साधारण पाच फूट ठेवता येते. वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा किंवा उघडा ठेवला, तर २.४ मीटरपर्यंत मान्यता मिळू शकते. कोपऱ्याच्या प्लॉटवर वळणाच्या दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरच ठेवायची असते, कारण वळणावर समोरचे वाहन दिसले पाहिजे.

कुंपण कसे घालावे

परवानगी मिळाली, मोजणी झाली. आता कामाविषयी थोडे.

१. खांब किंवा भिंत बरोबर हद्दीच्या रेषेवर घालू नये. एक ते दीड फूट आत घ्यावी. भिंतीचा पाया भिंतीपेक्षा रुंद असतो. तोही आपल्याच हद्दीत बसला पाहिजे. पुढे दुरुस्तीला शेजाऱ्याच्या पिकात उभे राहावे लागत नाही.

२. फाटक आतल्या बाजूस उघडणारे करावे. ते रस्त्यावर उघडले की तोच अडथळा ठरतो.

३. चढाकडून येणारे पाणी अडवू नये. भिंतीला खाली मोऱ्या ठेवाव्यात. पाणी वरच्या शेतात तुंबले की भांडण आलेच. आणि पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवणे कायद्यालाही मान्य नाही.

४. काळ्या भारी जमिनीत खांब कलतात, कारण ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत खड्डा खोल घ्यावा, बुडाला मुरूम-काँक्रीट भरावे आणि कोपऱ्याच्या खांबांना तिरके टेकू द्यावेत. माळाच्या मुरमाड जमिनीत हा त्रास कमी असतो.

५. तारेबरोबर सजीव कुंपण लावावे. सागरगोटा, करवंद, चिल्हार, घायपात ही आपल्या कोरड्या हवेत टिकणारी झाडे आहेत. सागरगोट्याचे बी कठीण कवचाचे असते. ते घासून, पाण्यात भिजवून पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावे. शेर लावायचा असेल तर त्याचा चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी. सजीव कुंपण दरवर्षी छाटावे, नाहीतर पाच वर्षांत ते शेजाऱ्याच्या दोन सऱ्या खाते.

विजेचे कुंपण

या बाबतीत मी हात जोडून सांगतो. रानडुकरासाठी मोटारीच्या पेटीतून उघडी तार काढून कुंपणात वीज सोडू नका. डुक्कर मरेल न मरेल. पहाटे पाणी धरायला जाणारा माणूस मरतो. पुष्कळदा तो शेजारचा नसतो, घरचाच असतो. त्यातून मृत्यू झाला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. काळवीट आणि मोर हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते मेले तर त्याची कारवाई वेगळी.

सौर कुंपणाची गोष्ट निराळी आहे. त्यातले यंत्र बॅटरीवर चालते आणि तारेत सतत वीज न सोडता थांबून थांबून क्षणिक झटका देते. जनावर पळते, मरत नाही. भारतीय मानकाप्रमाणे बनवलेले यंत्रच घ्यावे, तारेवर धोक्याच्या पाट्या लावाव्यात आणि सार्वजनिक वाटेच्या कडेला ते घालू नये. वन्यप्राण्यांनी पीक खाल्ले तर वन विभागाकडून भरपाई मिळते. नुकसान दिसताच फोटो काढून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अर्ज करावा.

वाट अडली तर

आता शेवटचा, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून कोयता निघतो. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार आणि आष्टीकडच्या वस्त्या रिकाम्या होतात. घरी म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले उरतात. पाच-सहा महिने घराला कुलूप असते. कुंपण घालणाऱ्याला हाच काळ सोयीचा वाटतो, कारण हरकत घ्यायला कोणी नसते.

वाट किंवा पाणी अडवले तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. ते जागा पाहून, दोन्ही बाजू ऐकून अडथळा काढण्याचा आदेश देऊ शकतात. हा मार्ग सोपा आणि कमी खर्चाचा आहे. पण त्याला मुदत आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे.

आता हिशेब पाहा. समजा, आपण कार्तिकात कारखान्यावर गेलात. डिसेंबरात शेजाऱ्याने वाटेवर तार ओढली. आपण चैत्रात परत आलात. घर शाकारले, लग्नसराई झाली, मुकादमाशी उचलीचा हिशेब झाला. पेरणीला गाडी घेऊन निघालात, तेव्हा तार दिसली. जून संपत आला होता. सहा महिने संपले. ऊस तोडणाऱ्याचा हंगाम आणि कायद्याची मुदत जवळजवळ सारख्याच लांबीची आहे, म्हणून ही मुदत आपल्याच लोकांच्या हातून सर्वांत जास्त निसटते.

मुदत गेली म्हणून सगळे संपले असे नाही. शेतात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागता येतो. तहसीलदार शेतकऱ्याची गरज पाहून निर्णय देतात. तो मान्य नसेल तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. परंतु जुनी वाट मोकळी करून घेणे आणि नवी वाट मागणे यांत फरक आहे. पहिल्यात आपण हक्काने बोलतो. दुसऱ्यात आपली गरज पटवून द्यावी लागते.

म्हणून कोयत्याला जाण्यापूर्वी पाच कामे करावीत. एक, घराचे आवार, चारही बांध आणि शेताची वाट यांचे फोटो मोबाइलवर काढावेत. फोटोत विहीर, झाड किंवा खांब अशी ओळखीची खूण यावी. दोन, सातबारा, मिळकत पत्रिका आणि मोजणीची 'क' प्रत एका पिशवीत घालून घरच्या माणसाकडे द्यावी. तीन, सातबाऱ्यावर नाव असलेले कोणी गावात राहणार नसेल, तर विश्वासू नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र करावे. चार, घरच्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवावे की कोणी खांब रोवताना दिसला तर भांडू नये, त्याच दिवशी फोन करावा. पाच, फोन आला की तहसील कार्यालयात अर्ज पोहोचवण्याची व्यवस्था करावी. "परत आल्यावर बघू" असे म्हणू नये.

ज्याला कुंपण घालायचे आहे त्यालाही माझी एक विनंती आहे. शेजारी कारखान्यावर असेल तर चैत्रापर्यंत थांबा. तो आल्यावर मोजणी लावा, त्याच्या देखत दगड रोवा, मग खांब रोवा. दोन महिने उशीर होईल. पण ज्या कुंपणाला शेजाऱ्याने हात लावून "ठीक आहे" म्हटले, ते कुंपण नातवांच्या काळापर्यंत उभे राहते. चोरून घातलेल्या कुंपणाची राखण स्वतःलाच रात्रंदिवस करावी लागते. मग ते कुंपण आपली राखण कधी करणार?

थोडक्यात सांगतो. परवानगी, मोजणी, शेजाऱ्याची उपस्थिती आणि मग खांब, हा क्रम मोडू नये. आणि वाट अडली तर सहा महिने विसरू नये.